गोरखचिंच पेठेच्या सातशे गाड्यांची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने वाटेस वाट मिळते आणि घरून निघाले माणूस सांजेस घरी येते, त्यास नमन करून लिहिणे सुरू केले. कोणाची स्तुती करणे नाही, कोणाची निंदा करणे नाही. सेवकाने जे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकिले आणि जे आपले हातून जाहाले, तेवढेच लिहिले आहे. शके एकोणीसशे चौतीस, नंदन नाम संवत्सर, ते साली पश्चिम समुद्राचे पैलतीरी आफ्रिका खंडात एक थोर राज्य होते, आजही आहे. राज्याचे नाव व महाराजांचे नाव लिहिणे चाकरी केलेल्या माणसास उचित नव्हे, म्हणोन लिहिले नाही. राजधानी समुद्रकाठी, वस्ती पन्नास लक्ष, आणि दरसाल लक्ष दोन लक्ष माणूस नवे येत असे. कामधंदा सर्व बंदराजवळ आणि राहणे सर्व लांबच्या पेठांत, म्हणोन सकाळी अर्धी राजधानी उठोन बंदराकडे जाई आणि सायंकाळी तितकीच माघारी येई. महाराजांचे आजोबांचे कारकिर्दीत दरबारच्या मोठ्या बसगाड्या होत्या, परंतु त्यांचे सुटे भाग मिळेनात आणि चालकांचे पगार निघेनात, ऐसे होता होता त्या आगारातच गंजोन गेल्या, आणि मग लोकांनी आपले आपण पाहिले. परदेशची जुनी, चौदा आसनांची गाडी आणावी, तीस रंग द्यावा, आणि भाडे घेऊन चालवावी, ऐसा धंदा सुरू जाहाला. त्या गाड्यांस तेथील भाषेत 'चपुचपु' म्हणत, म्हणजे लवकर लवकर. चौदा आसनांत बावीस माणूस बसे, चालक एकमेकांचे पुढे जाण्याकरिता गाडी फुटपाथावर घालीत, आणि अपघात बहुत होत. परंतु त्या गाड्या नसत्या तर राजधानी एक दिवसही चालती ना, हेही खरेच.

दरबारात या कामास खाती नऊ. परवाना कोतवालीकडे, रस्ता बांधकामाकडे, भाड्याचा दर दरखात्याकडे, थांबे नगरसभेकडे, गाडीची तपासणी आणिक कोणाकडे, ऐसे वाटून घेतले होते, आणि गाडीकडून घेणे असले म्हणजे नऊही खाती पुढे येत, आणि रस्त्यात खड्डा पडला म्हणजे तो शेजारच्या खात्याचा असे. ऐसे असता, ते साली एका थोर कर्जपेढीचे वकील दूर देशाहून महाराजांचे भेटीस आले आणि विमानतळाहून राजवाड्याकडे येता वाटेत कोंडीत सापडले. चार घटका, आठ घटका गेल्या, मोटार हलेना, उन्हाने वकील घामाघूम जाहाले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका हिरव्या चपुचपुच्या चालकाने खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली. वकिलांनी विचारिले, "हे रोज ऐसेच असते काय?" चालक म्हणाला, "नाही साहेब. आज बरे आहे. आज शाळांना सुटी." वकिलांनी ही गोष्ट महाराजांस सांगितली, महाराजांस लाज वाटली, आणि मग मसलत बसली. पेढीने सांगितले की आम्ही कर्ज देतो, गोरखचिंच पेठेपासून बंदरापर्यंत मोठ्या बसगाड्यांकरिता निराळा रस्ता करावा, उत्तम गाड्या आणाव्या. परंतु आम्हांस नऊ दारे फिरणे होणार नाही, एक दार दाखवावे. म्हणोन नवा वाहतूक महाल स्थापिला आणि त्याचे मुख्य अधिकारी म्हणोन सुबिराबिबी यांची नेमणूक जाहाली.

सुबिराबिबी वय चव्वेचाळीस, रस्तेबांधणीचे शास्त्र शिकलेल्या, बोलणे थोडे आणि ऐकणे फार. त्या स्वतः गोरखचिंच पेठेतल्या. त्या पेठेच्या मुखाशी गोरखचिंचेचे एक जुने झाड आहे, त्याचा बुंधा ऐसा की बारा माणसांनी हात धरले तरी कवेत येणे नाही, त्यावरून पेठेचे नाव. सेवक त्यांचे हाताखाली चिटणीस म्हणोन दाखल जाहाला. महालास इमारत मिळाली, खुर्च्या मिळाल्या, पितळी शिक्काही मिळाला. परंतु नऊ खात्यांनी आपल्याकडील अधिकार काही सोडिले नाहीत. महालाचा कोणताही हुकूम नऊ सह्यांवाचून लागू नसे, आणि सह्या मागावयास गेले म्हणजे साहेब गावास गेले आहेत ऐसे उत्तर येई. सुबिराबिबी एक दिवस सेवकास म्हणाल्या, "आपल्याजवळ बोलण्यावाचून दुसरे काही नाही. तर मग बोलूया." आणि त्या कचेरी सोडून गोरखचिंचेखालील गाड्यांच्या अड्ड्यावर जाऊ लागल्या.

तेथे गाडीमालकांची संघटना होती, सातशे गाड्या तीत होत्या, आणि तिचे प्रमुख हमादीबाबा. वय साठीचे पुढे, डोईस पांढरी टोपी, अडतीस वर्षे स्वतः गाडी चालविणारे. वकिलांस पाणी देणारे ते हेच. शाळेची मुले अर्धे भाडे देतात म्हणोन पुष्कळ चालक त्यांस पाहून गाडी थांबवीत नसत, परंतु हमादीबाबांनी मूल थांब्यावर उभे ठेवून कधी गाडी हाकिली नाही. सुबिराबिबी लहानपणी सात वर्षे त्यांच्याच गाडीतून शाळेस गेल्या होत्या, त्यामुळे बाबा त्यांस भर अड्ड्यात 'पोरी' म्हणत, आणि बिबींस त्याचे काही वाटत नसे. गाडीवर भाडे घेण्यास बाबांची कन्या आशुरा असे. वय तिशीचे आत, आवाज मोठा, हिशेब तोंडी, आणि कोणास भिणे ठाऊक नाही. ऐसे हे दोघे आणि बिबी जुन्या टायरांवर बसत, आल्याचा चहा आणि भाजलेला साबुकंद मध्ये असे, आणि बोलणे चाले. पहिले सहा महिने तर चालकांनी बिबींकडे पाहिलेही नाही. मग हळूहळू लोक जवळ येऊन बसू लागले, आपली दुःखे सांगू लागले, की दर चौकात शिपायास द्यावे लागते, मालकास संध्याकाळी ठरलेले द्यावे लागते, मग आम्ही धावू नये तर काय करावे. बिबी ऐकून घेत आणि सेवक लिहून घेई. ऐसी दोन वर्षे गेली.

शके एकोणीसशे छत्तीस, जय नाम संवत्सर, वैशाखमासी करार ठरला. मोठा रस्ता जाहाला की सातशे चपुचपु त्या रस्त्यावरून काढाव्या. त्यांचे मालकांस नव्या बसमंडळीत, म्हणजे बसगाड्या चालविणाऱ्या कंपनीत, भागीदारी द्यावी. चालकांस शिकवून मोठ्या बसवर नेमावे. आणि ज्यांस ते नको त्यांनी आतल्या गल्ल्यांतून माणसे आणून मोठ्या रस्त्यास पोचवावी, त्याचे परवाने कायम राहावे. हमादीबाबांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "हा मार्ग आम्ही केला, पोरी. दरबाराने सोडून दिला तेव्हा आम्ही केला. आता म्हणता घर मोठे बांधतो, तुम्ही बाहेर या. येतो. पण आमची खोली कोणती ते आधी दाखव." बिबी म्हणाल्या, "लिहून देते." बाबांनी विचारिले, "दरबारचा शिक्का लागेल ना?" बिबी म्हणाल्या, "लागेल." आणि त्या खरे समजूनच म्हणाल्या, हे सेवक शपथेवर सांगतो.

मग करारनामा सेवकाने आपले हाती लिहिला आणि आम्ही दोघे दिवाणसाहेबांकडे गेलो. दिवाणसाहेब गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी कागद वाचला, मान डोलाविली, आणि म्हणाले, "उत्तम केलेत बिबी. शिक्क्याचे काय, नऊ खात्यांच्या सह्या येतील, मग दरबारचा शिक्का होईल. तोवर तुमच्या महालाचा लावा. काम थांबवू नका." बिबींनी विचारिले, "सह्या कधी येतील?" दिवाण म्हणाले, "येतील हो." आणि चहा मागविला. परतताना सेवकाचे मनात आले की निव्वळ महालाचे शिक्क्याने दरबार बांधला जात नाही, आणि तसे सेवकाने हळूच बोलून दाखविले. बिबी मोटारीच्या खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "ठाऊक आहे. पण आज शिक्क्यावाचून परत गेले तर बाबांचे लोक पुन्हा बोलावयास बसायचे नाहीत."

शाळेच्या मैदानात सातशे मालकांची सभा भरली, आणि महालाचा शिक्का लावलेला करारनामा वाचून दाखविला, आणि आशुरा उठून उभी राहिली. ती म्हणाली, "बिबींविषयी माझे काही म्हणणे नाही. पण हा शब्द बिबींचा आहे, दरबारचा नाही. बिबींची बदली झाली तर आम्ही कोणाकडे जायचे?" लोक कुजबुजू लागले. हमादीबाबा उठले आणि म्हणाले, "माझी मुलगी बोलते ते चूक नाही. पण मी या पोरीला सात वर्षे शाळेत नेले आहे. गाडी चढावर बंद पडली की मोठी माणसे आत बसून राहत आणि ही दप्तर ठेवून खाली उतरून ढकलू लागे. माझा तिच्यावर भरवसा आहे. तुमचा तिच्यावर नसेल तर माझ्यावर ठेवा." मग हात वर जाहाले आणि करार मंजूर जाहाला. बाबांनी आपल्या बाजूनेही एक शब्द दिला, तो ऐसा की काही जाहाले तरी आम्ही रस्ता अडविणार नाही, शहरास वेठीस धरणार नाही. आशुराने हात वर केला नाही, परंतु सभा संपल्यावर तिनेच सतरंज्या गोळा केल्या आणि बिबींस घरापर्यंत पोचविले.

त्याच साली आश्विनात कर्जपेढीचे वकील करारग्रंथ घेऊन आले. तीनशे चाळीस पाने, परदेशी भाषेत, अक्षर बारीक. वकिलांचे विमान चार वाजता, कागद आमच्या हाती आले सकाळी दहाला, आणि दिवाणांचा जासूद दर घटकेस येऊन विचारी की सही जाहाली काय. रस्त्याचे, पुलांचे, थांब्यांचे भाग बिबींनी स्वतः वाचले, कारण ते त्यांचे शास्त्र. आणि बाकीचे सेवकाने वाचून सांगावे ऐसे ठरले. दोनशे बाराव्या पानावर एक अट होती. ज्या मंडळीने मागील पाच वर्षांत शंभर मोठ्या बसगाड्या चालविल्या नसतील, तीस या रस्त्यावर गाड्या चालविण्याकरिता अर्ज करता येणार नाही, ऐसी ती अट. सेवकाने ती वाचली. वाचून मनात म्हटले की ऐसे प्रत्येक करारात असते, उपचार आहे. आणि बिबींस तोंडाने "अर्जाच्या नेहमीच्या अटी" एवढेच सांगून पान उलटिले. गोरखचिंचेखाली बसून जे दोन वर्षे लिहून घेतले होते ते त्या घटकेस सेवकास आठवले नाही. पावणेदोन वाजता बिबींनी सही केली आणि शिक्का मारिला, आणि दिवाणांनी सर्वांस पेढे वाटावे तैसा खजूर वाटला.

रस्ता दोन वर्षांत तयार जाहाला. त्यात खोटे काही नाही, ऐसा रस्ता त्या खंडात थोड्या ठिकाणी असेल. मध्यभागी बसगाड्यांकरिता निराळी वाट, थांबे उंच आणि सावलीचे, अपंगांस चढण्यास उतार, सर्व बिबींनी उभे राहून करविले. मग शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर, गाड्या चालविण्याकरिता अर्ज मागविले, आणि हमादीबाबांनी सातशे मालकांची रीतसर मंडळी नोंदवून, नवा अंगरखा घालून, अर्ज आणिला. अर्ज तिसरे दिवशी परत आला. वर लिहिले होते की शंभर मोठ्या बसगाड्यांचा अनुभव नाही, सबब नामंजूर. बिबींनी तो कागद पाहिला आणि करारग्रंथ मागविला, आणि ते पान काढले, आणि सेवकाकडे पाहून विचारिले, "हे पान वाचले होते काय?" सेवक म्हणाला, "वाचले होते. उपचार समजलो." त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या, आणि ग्रंथ मिटून म्हणाल्या, "सही माझी आहे." त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी ही गोष्ट सेवकास पुन्हा कधी विचारिली नाही, आणि दुसऱ्या कोणास सांगितलीही नाही. त्या रागावल्या असत्या तर सेवकास सोपे गेले असते.

दिवाणांकडे गेलो तर दिवाण म्हणाले, "अट पेढीची आहे." पेढीस लिहिले तर उत्तर आले की अट दरबाराने मान्य केली आहे. नऊ खात्यांनी सांगितले की मालकांशी जो करार जाहाला त्यावर आमची सही नाही, आम्हांस तो कागद ठाऊक नाही. सात आठवडे खेटे घातल्यावर महाराजांची भेट मिळाली. महाराजांनी सर्व ऐकिले आणि म्हणाले, "बिबी, आम्हांस त्या लोकांचे वाईट वाटते." बिबी म्हणाल्या, "मग हुकूम व्हावा." महाराज दिवाणांकडे पाहू लागले, दिवाण जमिनीकडे पाहू लागले, आणि शेवटी महाराज म्हणाले की पुढील साली पाहू. महाराजांस खरेच वाईट वाटले होते, हे सेवकाने पाहिले. परंतु वाईट वाटणे म्हणजे हुकूम नव्हे. काम एका परदेशी बसमंडळीस गेले.

हमादीबाबा महालात आले, खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "पोरी, तुला आधी ठाऊक होते काय?" बिबी म्हणाल्या, "नाही, बाबा. ठाऊक असायला हवे होते." बाबा म्हणाले, "मग आता काय?" बिबी म्हणाल्या, "गल्ल्यांतले परवाने तरी राखते. त्याकरिता मला येथे राहिले पाहिजे." बाबांनी मान हालविली आणि म्हणाले, "राहा. तू गेलीस तर तेही जाईल." आणि जिना उतरून गेले. सेवक दाराशी उभा होता. आपण बोलावे, चूक कोणाची ते सांगावे, ऐसे ओठांवर आले होते, परंतु बोलिला नाही.

करारग्रंथात तारीख ठरली होती, त्या तारखेस चपुचपु मोठ्या रस्त्यावरून बंद जाहाल्या. आणि नव्या एकशे चाळीस बसगाड्या जहाजाने बंदरात आल्या त्या बंदरातच उभ्या राहिल्या, कारण जकातखाते म्हणे जकात द्या आणि खजिनाखाते म्हणे जकात माफ आहे, आणि माफीचा कागद कोणी लिहावा हे ठरेना. जुन्या गाड्या काढल्या आणि नव्या सुटेनात, ऐसे अकरा महिने गेले. गोरखचिंच पेठेतील माणूस चार कोस चालत बंदरास गेले. स्वयंपाकाच्या कामास जाणाऱ्या बाया अंधार सरण्यापूर्वीच निघत. कित्येकींच्या चाकऱ्या गेल्या. आणि इस्पितळात जाणारे हातगाडीवर जात. तो सुंदर रस्ता मध्यभागी मोकळा, आणि दोही कडांनी माणसांची रांग चाललेली, ऐसे रोज कचेरीच्या खिडकीतून दिसे. बिबींनी खिडकीस पडदा लावू दिला नाही.

पहिल्याच महिन्यात चालकांनी रस्ता अडवावयाचे ठरविले आणि हमादीबाबांकडे आले. बाबा म्हणाले, "मी अडविणार नाही. मी शब्द दिला आहे." लोक म्हणाले, "त्यांनी दिलेला शब्द कोठे आहे?" बाबा म्हणाले, "त्यांचे त्यांच्यापाशी. माझा माझ्यापाशी." मग सभेने बाबांस प्रमुखपदावरून काढिले आणि आशुरास नेमिले. आशुरा बापासमोर जाऊन म्हणाली, "बाबा, मला जावे लागेल." बाबा म्हणाले, "जा. जेवून जा." तिसरे दिवशी सातशे गाड्या मोठ्या रस्त्यावर आडव्या उभ्या जाहाल्या, किल्ल्या काढून चालक बाजूस बसले, आणि शहर तीन दिवस ठप्प जाहाले. चौथे दिवशी घोडेस्वार शिपाई आले, धूर सोडला, काठ्या चालल्या, गाड्या ओढून नेऊन दरबारच्या मैदानात टाकिल्या, आणि आशुरास धरून चार महिने कैदेत ठेविले. बिबी दर शुक्रवारी कैदखान्याच्या दाराशी जात आणि तास तासभर उभ्या राहत, परंतु आशुराने त्यांस भेट दिली नाही. हमादीबाबा त्याच दाराशी डबा घेऊन येत. दोघे एका बाकावर बसत. एके शुक्रवारी बाबा म्हणाले, "तिला भोपळ्याची भाजी आवडत नाही. पण आज तीच होती घरी." एवढेच बोलणे जाहाले.

पुढे बसगाड्या सुटल्या, आणि खरे लिहावयाचे तर पहिले साल उत्तम गेले. जेथे अडीच तास लागत तेथे चाळीस मिनिटे लागू लागली, बाया बसमध्ये बसून हसत, आणि परदेशाहून माणसे पाहावयास आली. बिबींनी मोठ्या खटपटीने दोनशे चालकांस मोठ्या बसवर लाविले, तेवढा शब्दाचा एक तुकडा पुरा केला. गल्ल्यांतले परवाने मात्र कोतवालीने दिले नाहीत. मग भाड्याचा दर दरखात्याने धरून ठेविला, तेल महागले, दरबाराने जी मदत द्यावयाची ती वेळेवर आली नाही, परदेशी मंडळीने सुटे भाग मागविणे बंद केले, आणि एकशे चाळीसांच्या नव्वद जाहाल्या, नव्वदांच्या एकावन्न. थांब्यांवर रांगा बाहेर रस्त्यावर आल्या. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, परदेशी मंडळी गाशा गुंडाळून गेली, आणि दरबारात मसलत बसली की आता चपुचपुवाल्यांस बोलवावे. मैदानातील गाड्या तोवर गंजल्या होत्या, कित्येकांची चाके कोणी नेली होती; परंतु आशुराने कैदेतून सुटल्यावर नव्या जुन्या मिळून तीनशे गाड्या पुन्हा उभ्या केल्या होत्या आणि परवान्यावाचून गल्ल्यांतून चालवीत होती. दिवाण म्हणाले, "सुबिराबिबी जावोत. त्यांचे ते लोक ऐकतात."

बिबी गेल्या, सेवक बरोबर गेला. आशुराने उठून नमस्कार केला, बसावयास खुर्ची दिली, चहा करविला, आणि सर्व म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "बिबी, तुम्ही खोटे बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच दरबार तुम्हांस पाठवितो. ज्याच्या हाती शिक्का आहे तो कधी येत नाही." बिबी म्हणाल्या, "या वेळी मी शिक्का आधी मागेन." आशुरा म्हणाली, "मागा. मिळाला तर तो घेऊन दिवाणांनी यावे. तुम्ही येऊ नका." बिबींनी चहा संपविला आणि विचारिले, "बाबा कसे आहेत? मला एकदा भेटायचे आहे." आशुरा बाहेर पाहत म्हणाली, "घरीच असतात. गुडघे गेले आहेत, बाकी बरे आहेत. पण तुम्ही जाऊ नका, बिबी. तुम्हांस पाहिले की ते तुमचीच समजूत घालू लागतील. ते मला पाहवणार नाही." बिबी उठल्या, आशुराच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणोन हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. परतताना बस वेळेवर मिळेना, तेव्हा दोघे चालत निघालो. दुसरे दिवशी बिबींनी चाकरीचा राजीनामा दिला.

ऐसी ही हकीकत. सुबिराबिबी आता दूरच्या गावी मुलींस गणित शिकवितात. हमादीबाबा पुढील साली वारले. बिबी अंत्यविधीस आल्या, मागे उभ्या राहिल्या आणि गेल्या. आशुराच्या गाड्या चालतात, शिपाई धरितात, सुटतात, पुन्हा चालतात. महाराज सुखरूप आहेत, दिवाण सुखरूप आहेत, आणि रस्ताही चांगला आहे. या कामी दुष्ट म्हणावा ऐसा मनुष्य सेवकास कोणी दिसला नाही, सेवक धरून सर्व भले होते, आणि लिहिताना हेच सर्वांत जड गेले. जे उणे राहिले असेल ते ज्यांनी पाहिले त्यांनी पुरे करावे. लेखनसीमा.